चामड्याची चकती

शनिवार, ४ मार्च १९३३

नळ आला एकदाचा! न्हाणीच्या भिंतीला लागून. सकाळी ह्यांनी स्वतः तोटी फिरवली. आधी नुसती फुसफुस, मग तांबडं पाणी, मग स्वच्छ. शेजारच्या दोघीतिघी बघायला आल्या होत्या. मी घागर लावली आणि मनात म्हटलं, गौरम्मा, सुटलीस. आता हाताला दोराचे घट्टे नाहीत.

आत्याबाई ओसरीवर उभ्या होत्या. सगळं बघितलं, आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन आडाकडे निघाल्या! मी म्हटलं, "आत्याबाई, दारात पाणी आहे की." तर म्हणाल्या, "तोटीत चामड्याची चकती असती. मला चालत न्हाय. लिंगाच्या पूजेला तर न्हायच न्हाय."

ही कुणाची आई, तर वॉटरवर्क्सच्या ओव्हरसियरची! ह्यांनी तोटी बंद केली आणि कामावर गेले.

मंगळवार, ७ मार्च

म्युनिसिपालिटीचं नवं फर्मान. नळावर लोकांचा भरवसा नाही. कुणी म्हणतं औषध कालवतात, कुणी म्हणतं बाटवायला काढलंय. म्हणून लोकांना जथ्याजथ्यानं वॉटरवर्क्सवर न्यायचं आणि तलावाचं पाणी कसं गाळतात ते दाखवायचं. दाखवणार कोण, तर हे. पाहुण्यांसमोर भाकरी मागायला लाजतात, ते!

संध्याकाळपासून माझ्यावर सराव चालू आहे. मी शेंगा फोडत बसलेली, हे समोर ताठ उभे. "प्रथम तलावाचे पाणी निवळणीच्या हौदात येते—" मी म्हटलं, प्रथम जांभई येते. रागावले. मग हसले. मी सांगितलं, हौदांचं मागाहून. आधी दोन बरण्या पुढे ठेवा, एकीत तलावाचं पाणी, एकीत गाळलेलं. माणूस आधी बघतं, मग कान देतं.

मान डोलावली. माझं ऐकतात, एवढं एक बरं आहे.

बुधवार, १५ मार्च

शाळेची पोरं झाली, आज व्यापारी मंडळी होती. बरण्या चालल्या म्हणे! वाळूच्या हौदापाशी मात्र सगळ्यांनी नाकं मुरडली. तिथं खाली गोटे, वर खडी, वर वाळू, आणि वाळूवर हिरवट साय धरते. हे सांगतात, ही सायच खरी पाणी गाळते. खरवडून वाळू लख्ख केली की उलट काही दिवस पाणी बिघडतं, साय पुन्हा धरेपर्यंत. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस थट्टा करतोय.

सगळं होऊन निघताना एक शेटजी म्हणाले, "ओव्हरसियरसाहेब, तुमच्या मातोश्री अजून आडाचंच पाणी पितात म्हणे. आधी त्यांना पाजा, मग आम्हाला."

सगळे हसले असतील. ह्यांनी मला हे जेवताना सांगितलं, तेही आत्याबाई उठून गेल्यावर. अर्धी भाकरी तशीच ताटात राहिली.

रविवार, १९ मार्च

पलीकडच्या पेठेत पटकी आली. एका घरातली दोन माणसं गेली. डॉक्टर म्हणतो, विहिरींचं पाणी. आमच्या आडाची पातळी खाली गेलीय, पोहऱ्यात गाळ येतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

आत्याबाईंना सांगितलं. हात जोडून सांगितलं. म्हणाल्या, "एवढी वर्सं आडाचंच पिलो. मेलो काय?" निदान उकळून देते म्हटलं, तर उकळलेलं पाणी घशाखाली उतरत नाही म्हणतात! हट्टी बाई!

चुलीपाशी बसून रडले. धुराचं निमित्त होतंच. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा मला वेणी घालता येत नव्हती. आई लहानपणीच गेलेली. ह्या बाईनं मला मांडीशी धरून रोज वेणी घातली, आणि सून न म्हणता पोरी म्हणाली. त्यांना काही झालं तर मी कुणाला आई म्हणू?

शनिवार, २५ मार्च

आज बायकांची तुकडी होती. आत्याबाईंना मीच पटवलं. "पाणी पिऊ नका, पण लेक कसा बोलतो ते तरी बघा." ते बरोबर लागू पडलं. चौकडीचं इरकल नेसल्या, विभूती ओढली, टांग्यात सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या.

किती छान बोलले हे! अडखळले नाहीत. बरण्या दाखवल्या, साय दाखवली. बायका पदर नाकाला लावून, पण वाकवाकून बघत होत्या. आत्याबाई हौदाकडे बघतच नव्हत्या. लेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटलं, जमलं! पंपघराबाहेर मी पेले मांडून ठेवले होते, गाळलेलं पाणी भरून.

पंपघरात आत्याबाईंनी विचारलं, सगळ्यांदेखत— "शंकरप्पा, ह्या यंत्रात चामडं हाय काय?"

हे थांबले. पंप धडधडत होता. मी मागून खुणा करत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. हे म्हणाले, "आहे, अव्वा. दट्ट्याला चामड्याची वाटी असते. त्याशिवाय पाणी ओढलं जात नाही."

झालं. बायकांनी पदर सावरले. पेल्यांना एकीनंही हात लावला नाही. भरलेले पेले मी एकेक करून झाडाच्या बुंध्याशी ओतले.

सोमवार, २७ मार्च

पाडवा. पोळ्या केल्या. ह्यांच्याशी बोलत नाही.

संध्याकाळी राहवलं नाही, बोललेच. एकदा 'नाही' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? त्यांच्या जिवाचा घोर तरी मिटला असता! तर म्हणाले, "अव्वाला आधी खोटं पाजू आणि मग पाणी पाजू काय?"

राग गेला नाही. पण ताटात आणखी एक पोळी वाढली.

गुरुवार, ३० मार्च

आज आत्याबाईंच्या मागोमाग गेले. ठरवून गेले. पटकी आता दोन गल्ल्यांवर आलीय. म्हटलं, आडावर चार बायकांसमोर पाया पडते, मग तरी लाजेनं ऐकतील.

आडाजवळच्या लिंबाशी पोचले आणि थबकले. आत्याबाई आणि बजाबाई, दोघीच. बजाबाई म्हणजे आडामागच्या धनगरांची म्हातारी. कायम लोकर कातत बसलेली असते. मला वाटायचं, आडावरची ओळख, तेवढीच. आत्याबाईंची घागर केव्हाच भरलेली. त्या दगडावर पाय पसरून बसल्या होत्या आणि हसत होत्या. तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एवढ्या वर्षांत घरात मी त्यांना असं हसताना बघितलं नाही.

बजाबाई म्हणाली, "तुज्या दारात नळ आला म्हनं. मग हितं कशाला मराया येतीस?"

आत्याबाई म्हणाल्या, "न्हाय आले तर तू कुटं भेटशील गं? घागर असली की उंबरा वलांडता येतो. रिकाम्या हातानं म्हातारी कुटं निघाली म्हनतील."

मग त्यांनी माढ्याकडची, माहेरची गोष्ट काढली. बापाची विहीर, बैल जोडलेली मोट, मोट वर येऊन धबाधबा ओतली की तिच्याखाली ओंजळ धरून पाणी प्यायचं. तसलं गोड पाणी पुन्हा मिळालं नाही म्हणे. घरात आत्याबाई हळू बोलतात. आडावर आवाज किती मोकळा! लिंबामागे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

पाया पडले नाही. तशीच परत फिरले.

शुक्रवार, ३१ मार्च

मोट चामड्याची असते.

अख्खी मोट! बैलाएवढं चामडं, आणि त्यातलं पाणी गोड. आणि तोटीतली रुपयाएवढी चकती चालत नाही!

सकाळी आधी राग आला. मग भाकरी थापता थापता राग निवला. चामडं नव्हतंच. बजाबाई होती. नळ दारात आला म्हणून आम्ही सगळे नाचलो, आणि त्या नळानं ह्या बाईचा बाहेर जायचा रस्ताच बंद केला. सासरे जाऊन किती वर्षं झाली. हे कामावर, मी घरकामात. त्या दिवसभर कुणाशी बोलतात? मी कधी विचारलं?

बिनकामाचं कुणाच्या दारात जाऊन बसणं दोघींनाही जमायचं नाही. ताठ आहेत दोघी.

शनिवार, १ एप्रिल

सहज विषय काढल्यासारखं केलं. तांदूळ निवडत म्हटलं, "आत्याबाई, आडामागच्या गल्लीला नळ नाही म्हणे. त्या लोकर कातणाऱ्या बजाबाई आहेत ना, त्यांचं वय झालं, पाणी कसं शेंदत असतील? आपल्या नळावरून नेत जा म्हणावं. पण मी कोण सांगणार? मोठ्या माणसानं सांगितलं तर त्या येतील."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बघते सांगून."

लिंबामागे होते त्याचा सुगावा लागू दिला नाही हं मी! ह्यांना म्हटलं, तुमच्या बरण्यांपेक्षा माझी युक्ती भारी. काय युक्ती ते सांगितलं नाही.

रविवार, २ एप्रिल

आल्या!

नळ सुटायच्या आधीच आल्या, घागर घेऊन, काखेत लोकर. आधी दाराबाहेरच उभ्या. आत्याबाई म्हणाल्या, "ये की आत, बजे. तुजी वाट बघून तोटी दमली." बजाबाईंनी तोटीखाली ओंजळ धरली, प्यायल्या, चूळ भरली, पुन्हा प्यायल्या. म्हणाल्या, "बरं हाय की पानी. पी की गुरे." गुरी म्हणजे आमच्या आत्याबाई!

मी स्वयंपाकघरात. हात पिठात, कान बाहेर.

दारातून डोकावले. आत्याबाईंची ओंजळ तोटीखाली गेली. प्यायल्या! तोंड पुसून माझ्या दिशेनं, मोठ्यानं म्हणाल्या, "पाव्हनीला नळाचं द्यायचं आन आपन आडाचं प्यायचं, बरं दिसतंय व्हय? मानूसकी हाय का न्हाय?"

हो, आत्याबाई. अगदी बरोबर.

दोघी उन्हं अंगणात येईपर्यंत बसल्या होत्या. मी गूळ आणि शेंगा नेऊन ठेवल्या. पुढे थांबले नाही.

मंगळवार, ४ एप्रिल

लिंगपूजेला आज नळाचं पाणी. हे आंघोळीहून आले, तांब्याकडे बघितलं आणि उगीचच टोपी शोधायला आत गेले. टोपी हातातच होती.

रविवार, ९ एप्रिल

आड बंद केला. वर फळ्या ठोकल्या. आडाशेजारच्या घरातली तरणी सून पटकीनं गेली. माझ्या वयाची. आडावर माझ्या घागरीला हात लावायची, उचलून द्यायची.

आत्याबाई दिवसभर माझ्याजवळ बसून होत्या. संध्याकाळी कंगवा घेतला आणि म्हणाल्या, "बस." मला वेणी घातली. मी एवढी थोरली बाई, मुकाट बसले.

बजाबाई ठणठणीत आहेत. आता त्यांच्या गल्लीतल्या आणखी चौघी आमच्या नळावर येतात. अंगणात चिखल होतो. होऊ दे.

शनिवार, २२ एप्रिल

बायकांची दुसरी तुकडी. हे मला म्हणाले, अव्वाला नको आणू. पण आत्याबाई आधीच टांग्यात बसलेल्या, शेजारी बजाबाई!

सगळं मागच्यासारखंच. बरण्या, साय, नाकाला पदर. पंपघरात पुन्हा एकीनं विचारलंच, "ह्यात चामडं असतं म्हणे?" ह्यांचा चेहरा उतरला. पण हे म्हणाले, "आहे."

कुणी पदर सावरायच्या आत आत्याबाई पुढे झाल्या. "हाय की चामडं. माज्या लेकानं लपवलंय काय? मला एक सांगा, तुमच्या बापाच्या मळ्यात मोट कशाची हुती? रेशमाची?"

एक म्हातारी खुदकन हसली. मग सगळ्या. आत्याबाईंनी पेला उचलला, वरून तोंडात धार धरली आणि रिकामा करून ठेवला. त्यांच्यामागं बजाबाई. मग एकेक. पेले मला पुन्हा पुन्हा भरावे लागले.

हे पंपाकडे तोंड करून उभे होते. दट्ट्या नीट चाललाय का ते बघत होते म्हणे. डोळे लाल होते.

सोमवार, २४ एप्रिल

सकाळी नळावर बजाबाईंना म्हटलं, "आत्याबाईंनी मोटेचं काय बोलून दाखवलं हो परवा! तुम्हाला सांगितली होती का कधी ती माहेरच्या मोटेची गोष्ट?" उगीच, अंदाज घ्यायला.

बजाबाई लोकर खाली ठेवून हसल्या. "मला कशाला सांगंल? आमची मेंढरं तिच्या बापाच्याच रानात बसायची, खताला. मोटंचं पानी दोगींनी एकाच वंजळीनं पिलंया, परकरात हुतो तवापास्नं. त्या दिशी तुजं हिरवं लुगडं लिंबामागनं दिसत हुतं, पोरी. गुरी म्हनली, जरा मोट्यानं बोलते, आमच्या गौरीला नीट ऐकू जाऊ दे."

आत्याबाई तोटीखाली घागर विसळत होत्या. मान वर केली नाही. म्हणाल्या, "गौरे, बघत काय उभी हाईस? दुसरी घागर आन की. पानी वाया चाललंय."