डोकोबाचं कपाळ

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

सकाळी सकाळी आईचा पुण्याहून फोन. "यंत्राला हळदकुंकू लाव गं. हाताला यश येतं." यंत्र म्हणजे आमच्या लॅबमधला हेल्मेट आपटायचा खांब. तिच्या डोळ्यांसमोर बाबांच्या वर्कशॉपातलं लेथ असणार. पण नेला देव्हाऱ्यातला करंडा पर्समध्ये घालून. आठच्या आधी पोचले, लॅबमध्ये चिटपाखरू नव्हतं. खांबाला बोटं ओढली, खालच्या पोलादी ठोकळ्याला लावलं, मग डोकोबाला.

डोकोबा हे मी ठेवलेलं नाव. कागदोपत्री तो "डोकं क्र. ३". धातूचं भरीव डोकं, लहान मुलाच्या मापाचं. नाकाच्या जागी उंचवटा, डोळे नाहीत, तोंड नाही. कुंकू तेलात कालवून कपाळावर ठिपका लावला तर एकदम कुणीतरी घरचं बसलंय असं वाटलं. आधी हसू आलं. मग मान वळवून कामाला लागले.

मागे हेंक. तीस वर्षं इथे तंत्रज्ञ आहे, पुढच्या वर्षी निवृत्त. टोपी काढून उभा राहिलेला. "याचा वाढदिवस का?" म्हटलं, तसंच समज. त्याला शेवंतीचं एक फूल दिलं, आपट्याची पानं इथे नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टला कुठून आणू!

७ ऑक्टो., मंगळ.

मोठं काम आलंय. आइस हॉकीची लहान मुलांची हेल्मेटं, दोन कंपन्यांची. एक कॅनडाची, एक अमेरिकेची. दोघांना युरोपात विकत राहायला आमचा शिक्का दर वर्षी नव्याने हवा. एकाचा माल डाव्या कपाटात, दुसऱ्याचा उजव्या, मध्ये कुलूप. जसे काही दोन जावांचे डबे.

सकाळी कॅनडाचा माणूस येऊन गेला. जाता जाता डोळा मारून, "खालच्या शेजाऱ्यांचं कसं काय चाललंय?" दुपारी अमेरिकेचा. "वरच्या मंडळींची काय खबर?" मी दोघांना कॉफी दिली, खबर नाही. अमेरिकेवाला म्हणाला, कॅनडाशी मॅच असली की त्याच्या घरी जेवायला कोणी टेबलावर येत नाही. हे आपल्याकडचं क्रिकेट सोडून दुसरीकडेही असतं म्हणायचं.

ईराला सांगितलं असतं तर नाचली असती. अकरा वर्षांची माझी लेक, दीड वर्षापासून आइस हॉकीच्या मागे वेडी. पण करारात लिहिलंय, गिऱ्हाइकाच्या मालाबद्दल घरीसुद्धा बोलायचं नाही. ही नोकरी मिळायला मला सहा वर्षं लागलीत. मंदारच्या व्हिसावर आलेली बायको म्हणून सहा वर्षं नुसत्या पोळ्या आणि डचचे क्लास.

९ ऑक्टो., गुरु.

कॅनडाचं हेल्मेट कपाळाच्या फटक्याला नापास. बाजूला, मागे, टाळूवर ठीक. कपाळावर मात्र डोकोबाच्या आतल्या सेन्सरचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर. दुसरं घेतलं. तेच. तिसरं. तेच.

हे तेच मॉडेल, लाल. सप्टेंबरात ईराला घेतलेलं.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही.

१० ऑक्टो., शुक्र.

चूक सापडली. माझीच.

आधी नुसतं डोकं खांबाला बसवायचं, कपाळावरच्या खुणेवर लेझर आणायचा, कुलूपबंद करायचं, मग हेल्मेट चढवायचं. ती खूण हेंक दर वर्षी लाल पेनाने करतो. मी लाल ठिपका पाहिला, लेझर आणला. तो कुंकवाचा होता. खरी खूण दोन बोटं वर, पुसट झालेली. म्हणजे तिन्ही हेल्मेटं मी भलत्या जागी आपटली. भुवयांच्या मध्ये, जरा वर. जिथे आपण लावतो तिथेच.

लाजेने मेले. आनेमीक, आमची बॉस, रागावली नाही तेवढं नशीब. "त्या तीन चाचण्या रद्द. पुसून टाक आणि परत कर."

स्पिरिटने पुसलं. खऱ्या खुणेवर परत केलं. सगळी पास.

घरी येऊन ईराचं हेल्मेट हातात घेऊन बघत बसले. बरोबर जागी लागलं तर पास. पण बर्फाला कुठे माहीत असतं बरोबर जागा कुठली!

१५ ऑक्टो., बुध.

सकाळी डोकोबाच्या कपाळावर ठिपका.

हेंकला विचारलं. शपथेवर नाही म्हणतो. म्हणतो, जुनं ओतीव आहे, त्याला बारीक भोकं असतात, तेल पिऊन घेतं आणि परत घाम आल्यासारखं सोडतं. पटलं. पुसलं.

१६ ऑक्टो.

परत. हेंकचा घाम. पुसलं.

३ नोव्हेंबर, सोम.

दिवाळीच्या गडबडीत लिहिलं नाही. ठिपका एक दिवसाआड असतोच. मी कापूस घेऊनच आत जाते आता, सकाळी देवाची भांडी घासावीत तसं. हेंक म्हणतो, राहू दे ना, छान दिसतो. तो असं म्हणाला की मला बरं वाटायला हवं. वाटत नाही.

आज नीट पाहिला. माझ्या बोटाने मी लावलेला ठिपका जरा मोठा होता. हा लहान आहे. मी त्यावर करंगळी धरून पाहिली. करंगळीपेक्षाही लहान.

घाम असा गोल येतो का?

४ नोव्हें., मंगळ.

करंडा घरी देव्हाऱ्यात आहे. उघडून पाहिला. मी भरला होता तितकाच. काय शोधत होते कोण जाणे.

१३ नोव्हें., गुरु.

आज हेंक दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. मी दुपारी एक गोष्ट केली जी कोणी सांगितली नव्हती. उजव्या कपाटातलं अमेरिकेचं हेल्मेट काढलं, आणि मुद्दाम, डोळे उघडे ठेवून, ठिपक्याच्या जागी आपटलं.

नापास. कॅनडाच्याइतकंच.

मग दोन्हींचं अस्तर उचकटलं. वरचं कवच वेगळं, रंग वेगळा, पट्टे वेगळे. एकावर लाल पान, दुसऱ्यावर चांदणी. आतला फोम एकच. दोन्हीच्या पाठीवर एकाच कारखान्याचा एकच छाप, आकडेसुद्धा तेच. दोन्हींत भुवयांच्या वर एकाच जागी फोमचे दोन तुकडे मिळतात आणि मध्ये चिरेएवढी फट.

तिकडे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि इथे दोघांचं पोट एक. म्हणजे ईराला दुसऱ्या कंपनीचं घेऊन देऊ म्हणत होते, त्यालाही अर्थ नाही.

१४ नोव्हें.

आनेमीकला सगळं सांगितलं. आधी अस्तरांचे फोटो बघितले, मग म्हणाली, "आपल्याला त्या जागेचं कोणी विचारलंय का?" नाही. "मग आपण उत्तर कसं देणार?" वर, एकाच्या मालाचं दुसऱ्याला कळलं तर आपण कोर्टात. "तू चांगली आहेस कामात. हे सोड."

सोडलं असं म्हणून बाहेर आले. दोन्ही कंपन्यांना शिक्के गेले.

२४ नोव्हें., सोम.

क्लबची वर्षअखेरची मॅच ७ डिसेंबरला. दर वर्षी मुलांचे दोन तट पाडतात, एक कॅनडा, एक अमेरिका. लाल जर्सी, निळी जर्सी. ईरा कॅनडा. तिची जिवाची मैत्रीण सान्ने अमेरिका. दोघी आठवडाभर एकमेकींशी बोलायच्या नाहीत असं ठरलंय, आणि ते ठरवायला तासभर फोनवर बोलत होत्या.

मी विचारलं, पोटात दुखतंय असं सांगून नाही गेलीस तर? माझ्याकडे असं बघितलं! "आई, आर यू सीरियस?"

आज ठिपका ओला होता.

५ डिसें., शुक्र.

ईराला सांगून टाकलं, रविवारी खेळायचं नाही. का? सांगू शकत नाही. दार आपटलं. आतून डचमध्ये काहीतरी, मला कळू नये म्हणून भराभरा. सगळं कळलं. यू आर नॉट इव्हन फ्रॉम हिअर, हे मात्र इंग्लिशमध्ये.

मी खूप रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून.

६ डिसें., शनि.

मंदारने विचारलं, "तुला झालंय काय?" आणि मी करार मोडला. पहिल्यापासून सगळं सांगितलं. ठिपक्याचंसुद्धा. हातातला कप पुसून त्याने फडताळात ठेवला. मग म्हणाला, "त्या बाकावर पंचवीस हेल्मेटं असतात. तू फक्त आपल्या मुलीचं काढून ठेवणार?"

मला त्याचा इतका राग आला. कारण मी तेच करणार होते.

७ डिसें., रवि. दुपार.

आत्ताच घरी आलो.

साडेदहाला रिंकच्या चेंजिंग रूममध्ये उभी राहिले. एका बाजूला लाल, एका बाजूला निळं, मध्ये सगळे आईबाप बुटांच्या नाड्या बांधत. कोचला म्हटलं, दोन मिनिटं द्या. आणि माझ्या त्या मोडक्या डचमध्ये सांगितलं. मी कुठे काम करते, काय पाहिलं, कुठे फट आहे. ईराच्या हेल्मेटचं अस्तर तिथेच उचकटून दाखवलं. ईरा भिंतीकडे तोंड करून उभी.

एक बाप म्हणाला, शिक्का आहे ना आत? म्हटलं, आहे. गेल्या महिन्यात तो नवा करून मीच दिलाय.

हळूहळू लोक उठले. किती मुलं गेली मोजली नाहीत, बरीच गेली. सान्नेची आई इंगे मात्र हसून म्हणाली, "पण आमचं तर अमेरिकेचं आहे." मी सांगत होते, आत तेच आहे, इंगे, आत तेच आहे. ती म्हणाली, मुलगी वर्षभर वाट बघतेय गं. आणि सान्नेच्या हनुवटीखालचा पट्टा लावला. उरलेल्यांची मॅच झाली, पाच-सहा जणांची. आम्ही थांबलो नाही.

गाडीत ईरा, खिडकीकडे बघतच, "आई, व्हाय डिड यू पुट द रेड थिंग ऑन सान्ने?" मी म्हटलं, आता नको गं बोलू. डोकं भणभणत होतं. आता जरा पडते.

संध्याकाळ. पडले होते, झोप नाही. आनेमीकचा मेसेज. उद्या नऊला भेट. कोणीतरी कळवलंच. नोकरी गेली असं धरून चालायचं. विचित्र म्हणजे हलकं वाटतंय.

८ डिसें., सोम.

साडेआठलाच पोचले, सामान आवरायला. सवयीने कापूस घेऊन आत गेले.

डोकोबाचं कपाळ कोरं.

दिवा लावून पाहिलं. बोटाने चाचपलं. कोरडा धातू, पुसटसा डागसुद्धा नाही. हेंक आला. म्हणाला, बघ, म्हटलं नव्हतं, सगळं तेल निघालं एकदाचं. मीही हसले. खरंच सुटल्यासारखं वाटलं, अगदी क्षणभर. आणि मग ईराचं गाडीतलं वाक्य कानात परत आलं, पहिल्यांदा नीट.

मी सान्नेला हात लावलेला नाही. तिच्याजवळसुद्धा गेले नव्हते.

ईराला मेसेज केला, कुठे होतं ते लाल? शाळेत फोन वापरायचा नसतो, तरी तिचं उत्तर आलं. एक फोटो, तिचाच, बोट कपाळावर टेकलेलं. भुवयांच्या मध्ये, जरा वर. खाली लिहिलंय, सान्ने आज आली नाहीये.

नऊ वाजून गेले. आनेमीक काचेतून हाताने बोलावतेय. इंगेला चार वेळा फोन केला. वाजतोय, कोणी उचलत नाही. पाचव्यांदा लावते.