समोरच्या खुर्चीतले आबा

१ जुलै

उभीच राहिले! मानसोपचार करणाऱ्या तेजल मॅडमनी रिकामी खुर्ची समोर ओढली — 'इथे तुमचे वडील बसलेत असं समजा. मनातलं सांगा.' मी उठले. 'का उठलात?' मॅडमनी विचारलं. आबांसमोर खुर्चीत बसायची सवय नाही. मॅडम हसल्या नाहीत. तास उभ्यानेच संपला.

आई वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. मग गेली. मलाही तेच नैराश्य; हा चौथा महिना. गोळ्यांनी झोप येते, एवढंच.

८ जुलै

आज बसले. खुर्चीला म्हटलं, 'आई सोंग करत नव्हती.' सोंग हा आबांचा शब्द. साऱ्या परंदवडी गावाला ऐकवायचे — काय धाड भरलीया हिला, सोंगं करती! दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडले. मॅडम म्हणाल्या, 'दुःखाच्या खाली हा राग होता. किती वर्षं?' बावीस. आई गेली तेव्हापासून.

बाजारातून चालत खोलीवर आले. वाटेत भूक लागली! उभ्यानेच दोन वडापाव.

९ जुलै

केस धुतले.

१३ जुलै

परंदवडी. धाकट्या भावाला, ओंकारला, विश्वासाने सांगितलं होतं. त्याने जेवताना सगळं ओकलं — 'आबा, ताई तुमाला खुर्चीत बसवून झापती. लोनावळ्यात, डॉक्टरीनबाईपुढं.' आबांचा घास हातात राहिला. 'रिकाम्या खुर्चीला काय कळतंय? मीच येतो की. भाताची लावणी उरकू दे.'

चेष्टा वाटली. पण आबांना चेष्टा येत नाही.

२१ जुलै

उद्या येणार. मॅडम फोनवर — 'तुम्ही नको म्हणालात तर ते बाहेर थांबतील.' नको म्हणायलाही तोंड उघडत नाही. दोन दिवस अंथरुणात.

२२ जुलै

आबा टोपी काढून बसले. त्याच खुर्चीत. 'बोल.'

रिकाम्या खुर्चीला सुनावलेलं एकही वाक्य उरलं नव्हतं. समोर म्हातारा, नखांत चिखल. मॅडम हळूच म्हणाल्या, 'घाई नाही.' शेवटी फरशीकडे बघत म्हटलं — 'आई सोंग करत नव्हती.'

'म्हाईत हाय.'

'कधी कळलं?'

'तवाच.'

पर्स उचलली. मॅडमनी हाक मारली, थांबले नाही. माहीत होतं — आणि तरी! इतकं उकरून हे निघालं. पुन्हा तिथे जाणार नाही.

२७ जुलै

शुक्रवारी रजा संपते. कॉलेजला रुजू होणार नाही. भिंतीकडे वळून पडले की बरं वाटतं. हे मॅडमना सांगितलेलं नाही.

२९ जुलै

सकाळी आबा दारात. आत या म्हटलं, आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच — 'तिचं मला कसं कळायचं न्हाई? तिच्या आदी मलाच व्हतं त्ये दुखनं. आजूनबी हाय. रोज सोताला म्हनायचो, सोंग हाय, ऊठ. तिलाबी त्येच म्हनलं.'

मॅडमकडे अकराची वेळ माझी होती. आबांना घेऊन गेले. ते आत गेले. मी बाहेर बसले.