धूर कुठे लागला

रविवार, १० मार्च

तारीख पक्की. शनिवार, १२ ऑक्टोबर, दुपारी दोन. पाद्रीबुवांनी स्वतः चर्चच्या दारात सांगितलं, म्हणजे आता बदल नाही. हात मिळवताना ते जरा लांबच उभे होते. नवीन वर्षाची गोष्ट अजून मनात धरून आहेत. माझ्या हातची दारू पिऊन ते दोन दिवस अंथरुणात होते, हे खरं. पण त्यांचं पोट मुळातच नाजूक. त्याला मी काय करणार?

निश्चय: कॅट्रियोनाच्या लग्नात अख्खा हॉल माझ्या हातची व्हिस्की उचलेल. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुराची, खरी. आयला बेटावर जन्मलेल्या माणसाने मुलीच्या लग्नाला दुकानातली बाटली आणणं म्हणजे मासेवाल्याने घरी डब्यातला मासा आणणं.

रात्री

ग्लासगोहून कॅट्रियोनाचा फोन. माझ्या बायकोने, एफीने, पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. या बाईच्या पोटात काही राहत नाही. मग फोन माझ्याकडे. कॅट्रियोना म्हणाली, बाबा, तुझ्याकडे एकच मागते. लग्न होईपर्यंत घरात दारू गाळायची नाही. गाळलीस तर चर्चमध्ये मी तुझ्याऐवजी नीलमामाचा हात धरून जाईन. मी हसलो. ती हसली नाही. लाइन खराब असावी.

नंतर विचार केला. ती "घरात" म्हणाली. शेड म्हणजे घर नव्हे.

मंगळवार, १२ मार्च

नीलबद्दल एकदा लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. एफीचा भाऊ. डिस्टिलरीत धान्याला धूर देण्याची भट्टी त्याच्या ताब्यात. मी तिथे एकोणीस वर्षं पिंपं लोटली. मग "रचना बदलली". रचना बदलली म्हणजे मी बाहेर आणि नील आत. तो म्हणतो, तू रोज नव्या साहेबाला त्याचं काम शिकवायचास, डूगल्ड. शिकवायचो, कारण त्याला येत नव्हतं.

डोक्यातून गेला नाही.

शनिवार, २० एप्रिल

पीट कापलं. दलदलीतला आमचा पट्टा आजोबांपासूनचा. वरचा थर तपकिरी, भुसभुशीत, मुळ्यांनी भरलेला. तो बाजूला फेकला. खाली काळं पीट, फावडं लोण्यात गेल्यासारखं जातं. वडील म्हणायचे, वरचं भिकाऱ्याला, खालचं पाहुण्याला. काळं पीट चुलीत घातलं की कोळशासारखं पेटतं, धूर नाही, राख मूठभर. या बेटावर ज्याच्या घरी काळं पीट, त्याच्याकडे लोक सोयरीक करायला तयार असत. व्हिस्कीला उत्तमातलं उत्तमच जाणार.

नील गाडीतून जाताना थांबला. काच खाली करून म्हणाला, काय रे, घर गरम करायचंय? म्हटलं, मुरंबा करायचाय. म्हणाला, मुरंबा करायचा असेल तर ते फेकलेलं उचल, दाजी. आणि गेला.

माझं पीट बघून पोटात दुखलं. दुसरं काय.

रविवार, ९ जून

पाठ धरली. पीटच्या विटा उलटून वाळवायच्या राहिल्या. एफीने उलटल्या. मग म्हणाली, तुझे निश्चय पण असेच रचून ठेवलेत, जळत मात्र एकही नाही. चर्चला गेलो नाही, पाठीमुळे.

शनिवार, १३ जुलै

बार्ली भिजवली. शेडच्या फरशीवर पसरली. तिसऱ्या दिवसापासून मोड येतील, तेव्हापासून रोज फावड्याने खालीवर करायची. निश्चय: पहाटे पाचला उठायचं.

बुधवार, १७ जुलै

मोड आले. पाचला उठलो नाही, पण मोडांना ते कळलेलं दिसत नाही.

पोस्टातली पेगी विचारत होती, मुरंबा कुठवर आलाय. तिच्यामागे रांगेतले चौघे छताकडे बघत होते. या बेटावर गुपित राखणं म्हणजे सगळ्यांनी मिळून न हसणं.

पेगीने एफीचा लग्नातला ड्रेस कॅट्रियोनाच्या मापाचा करून दिला. एफीने तो मागच्या खोलीत टांगलाय. घरातली सगळ्यात कोरडी खोली. तिची एक भिंत शेडला लागून आहे, म्हणून तर कोरडी. एफी दार लोटून म्हणाली, कॅट्रियोना लहानपणी हा पांढरा ड्रेस डोक्यावर ओढून अंगणभर फिरायची, आठवतं का. मला आठवत होतं. पण तेव्हा मला बार्ली उलटायची होती.

शनिवार, २० जुलै

भट्टी पेटवली. काय ते काळं पीट. निखारा असा की वडील असते तर खुर्ची ओढून बसले असते. धुराची काडीसुद्धा नाही. ओली बार्ली वर जाळीवर पसरली. पाऊण तासात ताज्या पावाचा वास. तासाभरात करपलेल्या पावाचा.

सोमवार, ५ ऑगस्ट

आंबलं नाही. गरम पाण्यात दळलेली बार्ली, यीस्ट, सगळं रीतसर. आठवडाभर पिंपाला कान लावून बसलो. एक बुडबुडा नाही. यीस्ट शिळं असणार. दुकानदार उलट म्हणाला, डूगल्ड, त्याच पाकिटातल्या यीस्टने माझ्या बायकोचा पाव टोपीएवढा फुगला. बायकांच्या पावाचा पुरावा मी मानत नाही.

कोंबड्यांना घातलं. त्यांनी मन लावून खाल्लं. कोणाला तरी आवडलं.

गुरुवार, ८ ऑगस्ट

नील जेवायला आला. एफीने बोलावलं होतं. मटण, बटाटे, सलगम, आणि वर सल्ला. म्हणाला, जास्त आचेने धान्य भाजून मारलंस, मोड मेले की गोडी मेली, यीस्टने खायचं काय. आम्ही भट्टीला काळं पीट लावत नाही, ओलं, भुसभुशीत लावतो, ते जळत नाही, धुमसतं. आम्हाला जाळ नको, धूर हवा. मी म्हटलं, सलगम वाढ. एफीने वाढलं नाही. ती भावाकडे बघत होती.

निघताना दारात म्हणाला, पोरीनं काय सांगितलंय ते लक्षात आहे ना. म्हटलं, शेड म्हणजे घर नव्हे. तो टोपी घालून निघून गेला. घाईत असावा.

शनिवार, १० ऑगस्ट

योगायोगाने पट्ट्याकडे गेलो होतो. फेकलेलं तपकिरी पीट तिथेच पडलेलं. वाया जायला नको म्हणून दोन पोती आणली. नीलचा याच्याशी संबंध नाही.

शनिवार, ३१ ऑगस्ट

दुसरी बार्ली, नवे मोड, नवी रीत. मागच्या वेळी उष्णतेने घात केला, म्हणून या वेळी धान्य आधी साध्या पंख्याच्या वाऱ्यावर वाळवतोय. कडकडीत होऊ दे. मग निवांत धूर. हे नीलला सुचलं नसतं. त्यांच्याकडे विचार करायला पगारी माणसं आहेत, त्यामुळे कोणी करत नाही.

शनिवार, ७ सप्टेंबर

आज धूर. दिवसभर. असा धूर मी डिस्टिलरीतही पाहिला नव्हता. शेड दिसेनाशी झाली. पंखा उलटा करून धूर धान्यावर दाबला. डोळ्यांतून पाणी, छाती भरून आली, काही धुराने आणि काही अभिमानाने. एफी दिवसभर बहिणीकडे होती. बरंच झालं.

संध्याकाळी परत आली आणि उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, डूगल्ड, धूर भिंतीतून येतोय. म्हटलं, भिंत जाड आहे. म्हणाली, भिंतीत फट आहे, तूच बुजवणार होतास. हे खरं. वसंतात निश्चय केला होता.

मागच्या खोलीचं दार बंद होतं. मी बाहेरून पाहिलं. काळजीचं कारण नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

गाळली. सात बाटल्या. तीन वर्षं पिंपात ठेवल्याशिवाय व्हिस्की म्हणायचं नाही असा कायदा आहे. कायदा सामान्य माणसांसाठी असतो. ओकच्या लाकडाचे तुकडे घातलेत, तीन आठवडे पुरतील.

हुंगली. वास नाही. पुन्हा हुंगली. स्पिरिटचा वास, जरासा दलियाचा. धुराचा मागमूस नाही. माझं नाक बसलं असणार, धुरात दिवस काढलाय. एफीसमोर ग्लास धरला. म्हणाली, धुराचा वास येतोय. मी ग्लास आणखी उंच धरला. मग म्हणाली, तुझ्या स्वेटरचा.

रविवार, २२ सप्टेंबर

पावाला पीटचा वास. उशीला आहे. मांजराला आहे. चर्चमध्ये बाकावर आमच्या शेजारी कोणी बसलं नाही. घरातली प्रत्येक वस्तू आयलाची उत्तम व्हिस्की झाली आहे, सात बाटल्या सोडून.

नील बाहेर भेटला. मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं. धान्य ओलं असतानाच धूर पकडतं, सुकल्यावर त्याला काही लागत नाही. मग घराकडे मान वळवून म्हणाला, दमट कापडाला मात्र छान लागतो. मला त्याचं बोलणं आवडलं नाही. मागची खोली कोरडी आहे.

शनिवार, ५ ऑक्टोबर

कॅट्रियोना दुपारच्या बोटीने आली. सोबत तिचा होणारा नवरा, इव्हान. शांत मुलगा, कमी बोलतो, शिकेल. मी दारात एक बाटली घेऊन उभा होतो. तिने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आईबरोबर मागच्या खोलीत गेली.

मी बाटली बाहीने पुसली. दोनदा.

ती ड्रेस हातावर घेऊन बाहेर आली. पांढरा होता तसाच पांढरा होता, हे मी लगेच दाखवून दिलं. नुसता वास. तिने तो माझ्या नाकाशी धरला नाही. टेबलावर ठेवला. म्हणाली, बाबा, मी एकच मागितलं होतं. म्हटलं, घरात नाही गाळली, शेडमध्ये गाळली. पुढे म्हटलं, दोरीवर टाक, वारा लागला की जाईल. आणि लग्न आयलावर आहे, पाहुणे येतातच या वासासाठी. इव्हान हसला. तिने पाहिल्यावर थांबला.

एफीचे डोळे लाल होते. धुराचा आता प्रश्न नाही, चार आठवडे झाले.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

ड्रेस तीन रात्री दोरीवर. समुद्राचा वारा, एकदा पाऊस, पेगीचा कुठलासा साबण. पेगीने हुंगून सांगितलं, डिस्टिलरीने विकावा. कॅट्रियोना पेगीच्या भाचीचा ड्रेस घालणार आहे. फिका निळा. बाह्या आखूड. छान दिसतो, असं मी न बघता सांगितलं.

नीलने घरी येऊन मला सांगितलं की चर्चमध्ये हात धरून न्यायला तिने त्याला विचारलंय, आणि तो हो म्हणालाय. उभ्यानेच सांगितलं. खुर्ची घेतली नाही. म्हणाला, दाजी, मला हे नको होतं. त्याच्या चेहऱ्यावरून ते खरं वाटत होतं, याचाच जास्त राग आला.

माझी खात्री आहे, पोरीचं मन शुक्रवारपर्यंत वळेल.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

मन वळलेलं नाही. अजून रात्र आहे.

हॉलच्या बाईंनी सांगितलं की बारवर फक्त सीलबंद बाटल्या चालतील. डिस्टिलरीने नीलला भेट म्हणून दिल्या आहेत. माझ्या सातपैकी एक मी पाद्रीबुवांना पाठवली, सलोखा म्हणून. परत आली. सोबत चिठ्ठीही नव्हती.

संध्याकाळी कॅट्रियोना स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मी म्हटलं, उद्या निदान चर्चच्या फाटकापर्यंत तरी. तिने ताट पुसलं, ठेवलं, दुसरं घेतलं. म्हणाली, बाबा, तू आधीच आत बसलेला बरा. आईजवळ. आवाज चांगला होता. लहान मुलांना झोपवताना असतो तसा.

उद्याचं ठरलंय ते असं. दीडला एफी आणि मी आत. दोनला नीलची गाडी येईल, कॅट्रियोना त्याच्या हाताला धरून मधल्या वाटेने जाईल. मी वाटेच्या कडेची जागा मागितली होती, म्हणजे शेवटच्या क्षणी तिला वाटलंच, तर मला उठायला सोपं. एफी म्हणाली, तू भिंतीकडे बस. मधे इव्हानच्या मावश्या आहेत, सहा जणी, आणि त्या कोणासाठी सरकणाऱ्या नाहीत.