नारिंगी बाह्यांचा शर्ट

प्रिय भिंगरी,

रोज फोनवर बोलणाऱ्यांना पत्राची काय गरज? पण आज फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. बोलायला लागलीस की तू मला हसवतेस, मग माझा राग टिकत नाही. या वेळी तो टिकायला हवा आहे.

आठवतं, दुकानाचं शटर अर्धं ओढून माझ्या कापड कापायच्या टेबलावर आपण परदेशातले सर्फिंगचे कॅम्प बघत बसायचो? तुला डोक्यावरून जाणाऱ्या लाटा हव्या होत्या. मला कमरेएवढं पाणी आणि न ओरडणारा शिक्षक. चौदा कॅम्प धुंडाळल्यावर तसा कॅम्प मीच शोधला. तिथे नवशिक्यांनी नारिंगी बाह्यांचा शर्ट घालायचा, म्हणजे शिक्षकांना ते लांबूनही दिसतात. दोन गाजरं तरंगतील म्हणून तू पोट धरून हसलीस, आणि माझ्यासाठी मोठ्या लाटांचा हट्ट सोडलास.

त्या गाजरापायी सेहेचाळिसाव्या वर्षी मी पोहायला शिकले गं. चिमुरडी पोरं शेजारून सपासप जायची आणि मी कठडा धरून उभी. नाकातोंडात पाणी गेलं, चारदा रडले, तुला कळू दिलं नाही. मग मार्चमध्ये तुझा फोन आला, की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, यंदा जमणार नाही. उलट मीच तुझी समजूत काढली. काकूंपाशी बसायला येऊ का विचारलं, तर घाईघाईने नको म्हणालीस.

आणि परवा तुझी चिठ्ठी आली. मावसबहिणीसाठी पोहायचा शर्ट शिवून दे, मापं सोबत, बाह्या नारिंगी हव्यात. अगं, मापं वाचली आणि बाई डोळ्यांसमोर उभी राहिली! तुझ्या ऑफिसातल्या मोठ्या बाईसाहेब. सहा वर्षं त्यांचे कोट मी शिवते, तूच त्यांना माझ्याकडे आणलंस. मी नावं विसरते, मापं नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? त्यांना नाही म्हणणं जड गेलं असेल, मान्य. सरळ सांगितलं असतंस तर चार दिवस धुसफुसले असते आणि पाचव्या दिवशी तुझी बॅग भरायला आले असते. पण तू काकूंचा गुडघा पुढे केलास, मी शोधलेल्या कॅम्पला त्यांना घेऊन निघालीस, वर त्यांचा शर्टही माझ्याच हातून शिवून घेतलास. मला कळणार नाही असं वाटलं, की कळलं तरी चालेल असं? दुसरं असेल तर जास्त लागतं. फसवलंस तू मला.

शर्ट शिवून झाला, म्हणून हे पत्र. त्याच्याच घडीत ठेवते आहे. घालून बघायला सांगू नकोस, नीट बसेल. बाईसाहेबांचा डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे, ते चिठ्ठीत लिहायचं तू विसरलीस. मी ते मापात धरलं आहे.

तुझीच (हे खोडायला हात धजत नाही),
टाचणी