अव्वासाठी दोन स्टेटर

शेतवस्ती, अक्कलकोट
४ मे २०२४

ती. मामांस,
भुवनेश्वरीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. अव्वाचा दम वाढलाय. रात्रंदिवस ऑक्सिजनच्या मशीनवर आहे आणि इथं लाइट कधी जाईल नेम नाही. बॅटरी थोड्या वेळात मान टाकते. म्हणून मी घरीच पवनचक्की केली. चुंबकांची चकती फिरते, तिच्या शेजारी तांब्याच्या कॉइलींचा न फिरणारा स्टेटर, वीज त्यात तयार होते. पण साध्या वाऱ्यावर एका स्टेटरचं बळ पुरत नाही. चकतीच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक बसवायचाय. तुम्ही करून द्याल का? अव्वा म्हणते, दादाला सांग, बहिणीसाठी तरी मोटार वाइंडिंगच्या दुकानाची धूळ झटक.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची भाची
भुवनेश्वरी

शुक्रवार पेठ, सोलापूर
११ मे २०२४

चि. भुवनेश्वरीस अ. आ.

तुझ्या अव्वाला, शिवबाईला सांग, कान गेले तरी हात शाबूत हायेत. स्टेटर एसटीनं पाठवतोय, तुझ्याची हुबेहूब नक्कल. कॉइली प्रदक्षिणेसारख्या, उजवीकडूनच गुंडाळल्यात. आपल्या घरात उलटी तार कुणी गुंडाळली न्हाई, तुलाही मी तेच शिकवलंय. दुकानात फिरवून बघितला, बल्ब लख्ख! माझ्या स्टेटरचं शेवटचं टोक तुझ्याच्या पहिल्या टोकाला जोड आणि निर्धास्त झोप. लग्नाची पोरगी चक्कीच्या खांबावर चढते म्हणून लोक लई बोलत असतील. बरंय, मला ऐकू येत न्हाई.

माझी एकच बहीण आहे, तिला जप.
तुझा मामा
महादेवप्पा

शेतवस्ती
२६ मे २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

अव्वाच्या मातीला तुम्ही आलात, पण ती कशी गेली ते तुम्हाला कळलं नाही. आता सगळं लिहिते.

तुमचा स्टेटर बसवला आणि वाराच पडला. दोन्ही जोडून चालवून बघायला मिळालंच नाही. मग अव्वा गेली त्या दुपारी वावटळ सुटली, विजेचे खांब आडवे झाले, लाइट गेली. बॅटरी संपली तरी मी घाबरले नाही. पाती गरगर फिरत होती की! बटण दाबलं, तर मशीन हूं की चूं करेना. अव्वानं माझा दंड घट्ट धरला होता. मी तो सोडवून पुन्हापुन्हा चक्कीच्या खांबाकडे धावले, जोड आवळत बसले. जोड ढिला असेल असंच वाटलं. तुमच्या कॉइलींवर संशय घ्यायचं मनातसुद्धा आलं नाही.

काल उलगडा झाला. दोन्ही स्टेटर चकतीकडे तोंड करून, समोरासमोर. आपापल्या जागी दोघंही उजवे, पण समोरासमोर आले की आरशात दिसल्यासारखा एक दुसऱ्याच्या उलटा. एक जेवढी वीज देई, तेवढी दुसरा मारून टाकी. एकाची दोन टोकं अदलाबदल केली, चक्की लगेच चालली. मामा, त्या वाऱ्यात नुसता एक स्टेटर जोडला असता तरी अव्वाला पुरलं असतं.

तुम्हाला दोष देत नाही. मीही तार तशीच गुंडाळली होती.

घरात अजून लाइट आलेली नाही, पण अव्वाचं मशीन चक्कीवर चालू आहे. नळी तिच्या उशीवर ठेवलीय. बंद करायला जाते आणि परत फिरते. तुम्ही येऊन बंद करा.

तुमच्याशिवाय आता कुणी नाही.
भुवनेश्वरी