नव्या लेथची आंघोळ

मंगळवार, ९ ऑक्टोबर १९५६. दापोडी.
घरून निघतानाच आमच्या अंबूबाईला गुडघ्याचं विचारलं. कालच्यापेक्षा बरा. वर्कशॉपात सगळ्यांची ख्यालीखुशाली घेतली. मालक अर्जुनरावांचं पित्त तसंच. फिटर सोनबाच्या आईचा दमा वाढलाय, सांगलीहून पत्र आहे. भैरू गाडीवानाच्या बैलाचा खांदा सुजलाय, हळद लावायला सांगितली. ठणठणीत असा मी एकटाच.

दुपारी भैरूच्या गाडीतून लोखंड कातायचं विलायती लेथ मशीन उतरलं. खोका फोडला तर अंगभर पिवळट, चिकट ग्रीस, बोटभर जाड. नवी वस्तू अशी लडबडून पाठवायची ही कसली रीत. सोनबा म्हणतो, समुद्राच्या हवेनं गंजू नये म्हणून. दापोडीला समुद्र कुठला? इथे पवना नदी.

अर्जुनराव म्हणाले, रविवारी दसरा, पुढच्या मंगळवारी पहिला जॉब. जो नीट काढील त्याच्या ताब्यात मशीन. बोलताना सोनबाकडे बघत होते. पित्तामुळे असेल.

बुधवार, १०.
संकल्प : शुक्रवारपर्यंत मशीनचा आरसा करायचा.
सोनबा इंग्रजी कागद घेऊन आला. म्हणे, आबाजी, रॉकेलनं पुसा आणि पुसल्या पुसल्या तेलाचा हात फिरवा. दोन वर्षं बाकावर बसून फिटर झालेला माणूस. मी तीस वर्षं कागदाशिवाय लोखंड कातलंय. त्याला ऐकवलं, तेलकट अंगानं पूजेला कोण बसतं? कागदाची घडी घालून खिशात ठेवली. पटलं असणार.

गुरुवार, ११.
खरवडून डबाभर ग्रीस काढलं. भैरूच्या गाडीचं चाक कुरकुरतं, त्याला डबा देऊन टाकला. विलायती वंगण, मजा कर म्हटलं. सोनबा पुटपुटला, ते वंगण नव्हे. दुसऱ्याचं भलं बघवत नाही.

शुक्रवार, १२.
घरून धुण्याचा सोडा आणला. बंबभर कढत पाणी. मशीनला आंघोळ घातली, चिंध्यांनी टिपलं. लख्ख. मशीनच्या बेडमध्ये, म्हणजे खालच्या लांब पाटात, माझ्या मिशा दिसल्या. अंबूबाई म्हणाली, मी तवासुद्धा धुतल्यावर तेलाच्या बोटाशिवाय ठेवत नाही. तवा आणि लेथ यांतला फरक हिला कोण सांगणार?

संध्याकाळी सोनबाला तार. आईचं जास्त आहे. अंबूबाईनं दशम्या बांधून दिल्या, स्टेशनापर्यंत पिशवी मी धरली. गाडीत चढताना म्हणाला, तेल विसरू नका. आई आजारी आणि याला तेल सुचतंय.

रविवार, १४. दसरा.
झेंडू, हळद, कुंकू. नारळाचं पाणी मशीनवर चांगलं शिंपडलं. अर्जुनराव म्हणाले, चमकतंय. म्हणजे मशीन मलाच मिळणार.

सोमवार, १५. सुट्टी.
सकाळी ९. सहज डोकावलो. बेड लालसर. अर्जुनरावांनी कुंकू सढळ हातानं उधळलेलं. पुसलं.
दुपारी १. कुंकू परत आहे. जिथे लावलंच नव्हतं तिथेही.
दुपारी ३. कुंकू नव्हे.

मंगळवार, १६.
सकाळी ७. तोड सापडली. ते ग्रीस पुन्हा फासायचं. मशीन आत्ताच खोक्यातून काढल्यासारखं दिसेल. भैरूकडे गेलो. गाडी अंगणात तिरकी उभी, ग्रीस डिंकासारखं वाळून चाक आसाला चिकटून बसलेलं. भैरू शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, न्यायचं असंल तर चाकासकट न्या."

सकाळी ११. अर्जुनरावांनी बेडवरून बोट फिरवलं. लाल बोट बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, आबाजी, मशीन सोनबाच्या ताब्यात. त्याला पत्र टाका, तुमचं अक्षर चांगलं आहे.

पत्राचा कच्चा खर्डा :
चि. सोनबास आशीर्वाद. आईचा दमा कसा आहे? रात्री झोप लागते का? इकडे अर्जुनरावांचं पित्त बरंच वाढलं आहे. अंबूबाईचा गुडघा बरा. भैरूच्या बैलांना सध्या विश्रांती आहे. मशीनची तब्येत किंचित लाल. गंज कशानं जातो हे तुझ्या कागदात असल्यास कळव. अंबूबाई तव्याला लावते तो विटकरीचा चुरा घेऊन मशीन घासायला दाराशी उभी आहे, तिला मी थोपवून धरलं आहे. फार वेळ जमणार नाही, तरी उत्तर लवकर टाक.
ता. क. तेल लावलं आहे. दिवसातून दोनदा लावतो.