टिक येण्याआधी जे वाटतं ते

४ तारीख, सोमवार
आजपासून तीन निश्चय. राग सोडला. रोजनिशी धरली. मॅडमना महिनाअखेर मनातलं सांगायचं.
कॉलेज अर्ध्यात सोडल्याचा पश्चात्ताप नाही. सोडलं नसतं तर या दवाखान्यात सहायक म्हणून लागलो नसतो आणि मॅडम भेटल्या नसत्या. ताई म्हणाली, सोडलंस कुठे, सरांच्या अंगावर जर्नल फेकलंस म्हणून काढलं. तपशिलाचा फरक आहे.

५ तारीख, मंगळवार
काम लिहून ठेवतो. काही मुलांना टिक्स असतात. मनात नसताना खांदा उडतो, घसा खाकरला जातो. त्याच्या आधी आत काहीतरी वाटतं. मॅडमची पीएचडी त्या वाटण्यावर आहे. मूल खुर्चीत बसतं, तसं वाटायला लागलं की हातातलं बटण दाबतं. नंतर व्हिडिओ बघून टिक्स मोजायच्या. दोघांनी, वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांना न विचारता. मग आकडे ताडून बघायचे.
दोघं म्हणजे मॅडम आणि मी. याहून स्पष्ट इशारा काय असतो?

७ तारीख, गुरुवार
आकडेमोडीसाठी नवा माणूस आला. शर्टाला इतकी कडक इस्त्री की बसताना वाजतो. नाव इस्त्री ठेवलं. तोही मोजणार. मला काहीच वाटलं नाही. पेन मोडलं, पण ते मुळातच कच्चं होतं.

८ तारीख, शुक्रवार, दुपार
निकाल. मॅडम आणि इस्त्री: शंभरात एक्याण्णव जुळलं. मॅडम आणि मी: अठ्ठावन्न. मॅडम म्हणाल्या, तुम्ही पापण्यांची साधी उघडझापही टिक धरता. इस्त्री म्हणाला, सवयीने जमेल हो. 'हो' उगाच लांबवला. राग सोडलेला असल्यामुळे फक्त दार आपटलं.

१२ तारीख, मंगळवार
खांदा उडवणारी नऊ वर्षांची मुलगी आली. मॅडम इस्त्रीला आलेख समजावत होत्या, म्हणून प्रश्नावली मी वाचली. टिकच्या आधी काय वाटतं? म्हणाली, शिंक अडकते ना, तसं, पण खांद्यात. काचेपलीकडे ती दोघं हसत होती. मुलगी म्हणाली, दादा, तुमचा जबडा आवळलाय, तुम्हालाही येतेय का? दाबू नका, दाबलं की वाढतं.
घरी तीच प्रश्नावली स्वतःला लावली. छत्तीसपैकी एकतीस. ॲसिडिटी असावी.

१४ तारीख, गुरुवार
उपाय सापडला. मॅडमची पत्रकं कपाटात असतात, किल्ली माझ्याकडे. त्यांचे आकडे आधी बघितले की माझी नजर वळणावर येईल. याला नक्कल म्हणत नाहीत, शिकणं म्हणतात. शिवाय व्हिडिओ बघायला लागत नाही. संशय नको म्हणून एखादा आकडा इकडचा तिकडे करावा असं मनात आलं. पण प्रेमात लबाडी कशाला?

२० तारीख, बुधवार
मॅडम आणि मी: शंभर. इस्त्री कागदाकडे बघतच राहिला. मॅडम म्हणाल्या, असं कधी बघितलं नाही. मीही नाही. परवा सांगून टाकायचं. ताईला म्हटलं, निळ्या शर्टाला इस्त्री कर. म्हणाली, हात मोडलेत का?

२२ तारीख, शुक्रवार, सकाळी ११
मॅडमनी आपणहून बोलावलंय. दार लावून घ्या म्हणाल्या. पाणी पिऊन आत जातो.

११.३०
मॅडमनी चौदा नंबरचा व्हिडिओ लावला. मला शेजारी बसवून दहा मिनिटं दाखवला. रिकामी खुर्ची. खांदावाली मुलगी त्या चित्रीकरणाला आलीच नव्हती, कॅमेरा मात्र चालू राहिला होता. ती नंतर आली तो व्हिडिओ पंधरा, आणि मॅडमनी पंधराची मोजणी चुकून चौदाच्या रकान्यात लिहिली होती: खांदा, तेवीस वेळा. माझ्याही पत्रकात त्या खुर्चीने तेवीस वेळा खांदा उडवला होता.
मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, माझी तीन वर्षं राहू द्या बाजूला. पंधरामध्ये ती पोर जिवाच्या आकांताने बटण दाबत होती, आणि तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.
मनातलं सांगितलं नाही. वेळ योग्य वाटली नाही.

२५ तारीख, सोमवार
माझी पत्रकं रद्द. छत्तीस व्हिडिओ पुन्हा मोजायचे. मोजणार मॅडम आणि इस्त्री, रोज चार ते सात. मी फोनवर पालकांना वेळा देणार. किल्ली गेली. ताई म्हणाली, लग्न जुळवणारेसुद्धा एवढी मेहनत घेत नाहीत रे. मी शांत आहे. वेगवेगळ्या खोल्यांचा नियम कुठे गेलाय?

२७ तारीख, बुधवार, संध्याकाळी साडेसहा
आणखी एक नियम आहे, तो मला कोणी सांगितला नव्हता. ज्या व्हिडिओचे आकडे जुळत नाहीत, तो दोघांनी एकत्र बसून, चर्चा करून पुन्हा बघायचा. आजपर्यंत आठ मोजले, पाच जुळले नाहीत. एक्याण्णववाला माणूस एकदम इतका चुकतो? मुद्दाम चुकतोय. ही युक्ती मला का सुचली नाही?
दुसरी खुर्ची मीच आत नेऊन दिली. दार त्यांनी आतून लोटलं.
अजून अठ्ठावीस आहेत. देवा, त्या दोघांचे आकडे पहिल्या फटक्यात जुळू देत.